‘स्टेज टू’ म्हणजे काय? क्लचच्या कॅटलॉगचं एक वाचन

या मालेतली आमची व्याख्यानं जे नेहमी ऐकतात त्यांना ठाऊक आहे की समीक्षेला कविता-कादंबरीच लागते असं आम्ही मानत नाही. ज्या मजकुरावर विश्वास ठेवून माणसं पैसे खर्च करतात, तो मजकूर तर फार बारकाईनं वाचायला हवा. आज आम्ही वाचणार आहोत ते अमेरिकेतले क्लचचे कॅटलॉग. कारखान्यातून गाडीबरोबर येतो तो क्लच काढून त्याजागी बसवायचे, जास्त ताकदीचे, बाजारात स्वतंत्र मिळणारे क्लच. तिकडे त्याला आफ्टरमार्केट म्हणतात.

हा विषय आमच्याकडे आला तो भाच्यामुळे. तो न्यू जर्सीत असतो. त्यानं जुनी सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घेतली, २००२ सालचं मॉडेल, हातानं गिअर टाकायची. फोनवर तो आम्हाला पानं वाचून दाखवायला लागला आणि शेवटी म्हणाला, “मामा, तुम्ही तर्कशास्त्र शिकवलंत ना, मग सांगा, स्टेज टू घेऊ की स्टेज थ्री?” आम्ही त्याला म्हटलं, आधी ‘स्टेज’ या शब्दाची व्याख्या वाचून दाखव. ती त्याला सापडेना. आजचं व्याख्यान त्या न सापडलेल्या व्याख्येबद्दल आहे.

ज्यांनी कधी बॉनेट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. इंजिनाच्या शेवटी एक जड चाक फिरत असतं, फ्लायव्हील. गिअरबॉक्सच्या शाफ्टवर एक चकती असते, तिला दोन्ही बाजूंनी लायनिंग लावलेलं असतं. ती आपली क्लच प्लेट. आणि तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी स्प्रिंगची प्रेशर प्लेट. पाय पेडलवर दाबला की दाब सुटतो, चकती मोकळी होते. पाय उचलला की चकती पुन्हा चिकटते, आणि इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, चाकांकडे जातो. इतकंच यंत्र आहे.

आता कॅटलॉग काय म्हणतो पाहा. पहिल्या रकान्यात नाव: स्टेज वन, स्टेज टू, स्टेज थ्री, पुढे फोर, फाइव्ह. दुसऱ्या रकान्यात टॉर्क: इतके पाउंड-फूट धरतो. तिसऱ्यात किंमत. तिन्ही रकाने एकत्र वर चढत जातात. वाचणाऱ्याच्या मनात आपोआप जिना तयार होतो, आणि जिन्याचा गुण असा की वरच्या पायरीवरचा माणूस खालच्यापेक्षा पुढे गेलेला वाटतो. पहिली-दुसरी-तिसरी इयत्ता असावी तसं. तिसरीत जाता येत असताना पहिलीत कोण बसेल?

पण ही इयत्ता कोणत्या बोर्डाची? कोणत्याच नाही. ‘स्टेज’ हे कुठल्या मानक संस्थेनं ठरवलेलं माप नाही; प्रत्येक कंपनी आपापला अर्थ लावते. उदाहरण घेऊ. जपानच्या एक्सेडी कंपनीच्या स्पर्धेच्या मालिकेत स्टेज वन म्हणजे ऑरगॅनिक लायनिंगची चकती, आणि स्टेज टू म्हणजे सेरामेटॅलिक, चिनीमाती आणि धातूच्या मिश्रणाची. त्या चकतीवर अखंड लायनिंग नसतं, सुटी बटणं असतात. आपल्याकडे ट्रॅक्टर-ट्रकच्या क्लच प्लेटला असतात तशीच. आता अमेरिकेतल्या स्पेक कंपनीचा स्टेज टू उघडा. तिथे केवलारचं लायनिंग आहे. केवलार मऊ पकडतं, सावकाश चिकटतं, रोजच्या वापराला सुसह्य असतं. सेरामेटॅलिक झटक्यानं पकडतं. दोन्हींचं नाव एकच, वागणं जवळजवळ उलट. शिवाय इंजिनाचं ट्यूनिंग करणारेही आपल्या कामाला स्टेज वन, स्टेज टू म्हणतात, आणि तो जिना तर अगदीच वेगळा. त्यांच्या भाषेत स्टेज टू म्हणजे बहुधा एक्झॉस्टचा पुढचा पाइप बदलून त्याला जुळणारं ट्यूनिंग. मग होतं काय, की स्टेज टू ट्यून केलेला मुलगा निर्धास्तपणे स्टेज टू क्लच मागवतो. आकडे जुळले ना! हे म्हणजे आठ नंबरचा चष्मा आहे म्हणून आठ नंबरचा बूट घेण्यासारखं झालं.

पीटर गीच या इंग्लिश तत्त्वज्ञानं १९५६ साली एक छोटा निबंध लिहिला. त्यातला भेद आमच्या विद्यार्थ्यांना पाठ असायचा. ‘लाल गाडी’ याचे दोन तुकडे करता येतात: ती लाल आहे आणि ती गाडी आहे. ‘चांगला’ या विशेषणाचे तसे तुकडे होत नाहीत. ‘चांगला’ म्हणजे काय हे पुढच्या नामावर अवलंबून राहतं. चांगली सुरी कापते; चांगली उशी कापत नाही. आता ‘स्टेज थ्री क्लच’ हा शब्दप्रयोग या कसोटीवर ठेवा. कॅटलॉग ‘स्टेज थ्री’ हे लाल रंगासारखं वापरतो, जणू ते वस्तूच्या अंगचं आहे, कुठल्याही गाडीत आणि कुठल्याही पायाखाली तेवढंच राहतं. खरं तर तो ‘चांगला’च्या जातीचा शब्द आहे. कशासाठी, कुणासाठी, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

इथपर्यंतची टीका शब्दाची झाली. आमचा मुख्य आक्षेप दुसऱ्या रकान्यावर आहे, टॉर्कच्या. तो आकडा खोटा आहे असं आम्ही म्हणत नाही. तो खरा असूनही भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

क्लच ‘किती धरतो’ हे सांगणारा आकडा पाय पेडलवरून पूर्ण उचललेला असतानाचा आहे. त्या क्षणी चकती आणि फ्लायव्हील एकजीव फिरत असतात. पण मंडळी, फक्त धरूनच ठेवायचं असतं तर क्लच कशाला हवा? इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये चार बोल्ट मारले असते तर कुठल्याही स्टेजपेक्षा जास्त टॉर्क धरला असता. क्लच शोधला गेला तो नीट घसरता यावं म्हणून. उभी गाडी आणि फिरतं इंजिन यांच्यामधल्या त्या दीड-दोन सेकंदांत तो घसरत घसरत दोघांना एका वेगावर आणतो. आपल्याकडे गाडी शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो, “हाफ क्लच धरा.” हा शब्द किती नेमका आहे! चढावर, गर्दीत, पार्किंगमधून मागे घेताना चालकाचं सगळं कसब त्या ‘हाफ’मध्ये असतं. आम्ही वाचलेल्या कॅटलॉगांत या अर्ध्या अवस्थेला रकानाच नाही. एखाद्या गायकाची तारीफ तो श्वास किती वेळ रोखतो एवढ्यावरच करावी, तसं हे आहे.

आता थोडं गणित करू. शिक्षक निवृत्त होतो, फळा निवृत्त होत नाही. क्लचची धारणक्षमता चार गोष्टींच्या गुणाकारानं ठरते: घर्षणाच्या बाजू किती, घर्षणांक किती, दाब किती, आणि चकतीची सरासरी त्रिज्या किती. त्या डब्ल्यूआरएक्सची चकती २३० मिलिमीटरची. सरासरी त्रिज्या ९५ मिलिमीटर धरू, दाब ६,५०० न्यूटन, घर्षणांक ०.३. हे तीन आकडे आम्ही हिशेबासाठी घेतले आहेत, कारखान्याचे म्हणून नाहीत. बाजू दोन. गुणाकार येतो साधारण ३७० न्यूटन-मीटर. गाडीचा मूळ टॉर्क २१७ पाउंड-फूट, म्हणजे २९४ न्यूटन-मीटर. सव्वापट राखीव. ठीक.

ट्यूनिंगनंतर टॉर्क २७० पाउंड-फूट झाला समजा, म्हणजे ३६६. कागदावर ३७० अजूनही वर आहे. पण लायनिंग तापलं की घर्षणांक खाली येतो. तो ०.२५ झाला तर क्षमता ३०९ वर उतरते, आणि क्लच घसरायला लागतो. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा काटा धावतो, गाडी मात्र धावत नाही. तेव्हा क्लच बदलणं गरजेचं होतं, यात वाद नाही.

मग किती मोठा? प्रेशर प्लेटचा दाब तीस टक्क्यांनी वाढवला आणि लायनिंग तेच ऑरगॅनिक ठेवलं, तर थंड असताना क्षमता ४८१ आणि तापल्यावर ४०१. गरज ३६६ ची. काम झालं! तोच वाढीव दाब ठेवून बटणांची चकती घेतली आणि घर्षणांक ०.४ धरला तर ६४२. गरजेच्या पावणेदोन पट. कॅटलॉगमध्ये हा क्लच वरच्या पायरीवर असतो आणि आकडा पाहून छाती फुगते. त्या जादा पावणेतीनशे न्यूटन-मीटरचं तुम्ही नक्की काय करणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

आम्ही सांगतो काय होतं. पहिली गोष्ट, हाफ क्लचची जागा आकसते. पाय बोटभर उचलला तर गाडी उभी, दोन बोटं उचलला तर झटका. उलट्या गिअरमध्ये सगळी गाडी थरथरते. चकतीच्या मध्यभागी झटका शोषणाऱ्या छोट्या स्प्रिंगा असतात. काही स्पर्धेच्या चकत्यांत त्याही नसतात, मग जे काही होतं ते थेट दातांवर. दुसरी गोष्ट, दाब वाढवला की तो दाब सोडवायला पायही तेवढाच लागतो, आणि क्लच दाबताना क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवरही भार वाढतो. डावा गुडघा आणि ते बेअरिंग, दोघंही तक्रार उशिरा करतात.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. घराच्या वायरिंगमध्ये फ्यूज असतो तसा गाडीच्या शक्तिमार्गात क्लच असतो. तो जेवढं धरू शकतो त्याहून जास्त टॉर्क गिअरबॉक्सकडे जाऊच शकत नाही. जादा झालं की तो घसरतो. पुढची दोनच चाकं ओढणाऱ्या गाडीत दुसरा फ्यूजही असतो, टायर. झटका बसला की टायर फिरतात, किंचाळतात आणि बाकीचं वाचतं. डब्ल्यूआरएक्सची चारही चाकं ओढतात. टायर सहजासहजी सुटत नाहीत, म्हणून क्लच हाच जवळपास एकटा फ्यूज. तिथे ६४२ चा क्लच बसवून इंजिन चार हजार फेऱ्यांवर नेऊन पाय सोडला, तर पुढचा कमजोर दुवा कोणता? त्या काळातल्या डब्ल्यूआरएक्सची पाच गिअरची गिअरबॉक्स नाजूक, अशीच तिची ख्याती या गाडीच्या चाहत्यांत आहे. २००४ च्या मॉडेलपासून अमेरिकेत आलेल्या एसटीआयला वेगळी, दणकट सहा गिअरची पेटी होती, ते उगाच नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथे जाड तार घालणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिला आहे. क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावी लागते, मजुरी लागते, हे खरं. पण गिअरचे दात गेले तर उतरवलेली पेटी पुन्हा चढवण्याच्या लायकीची राहत नाही.

उष्णतेचंही सांगायला हवं. १,४०० किलोची ती गाडी साध्या रीतीनं, बाराशे फेऱ्यांवर उचलली तर क्लचमध्ये साधारण सहा किलोज्यूल उष्णता होते. चार हजारांवर धरून उचलली तर पासष्टच्या आसपास. वेग सव्वातीन पट, उष्णता अकरा पट, कारण वेगाचा वर्ग होतो. म्हणजे क्लचचं आयुष्य कॅटलॉगमधल्या स्टेजइतकंच, बहुतेक वेळा त्याहून जास्त, उजव्या आणि डाव्या पायाच्या सवयींवर ठरतं. या सवयी कोणत्या रकान्यात लिहिणार?

आता प्रश्न उरतो तो विश्वासाचा. आपण सगळेच घर्षणांक मोजायला बसणार नाही. कुणाच्या तरी शब्दावर विसंबावं लागणार. न्यायदर्शनानं शब्दाला प्रमाण मानलं, पण तो आप्ताचा शब्द असेल तरच. आणि आप्त कोण, हे वात्स्यायनानं भाष्यात फार स्वच्छ सांगितलं आहे: ज्यानं वस्तू साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगावी या इच्छेनं जो बोलतो. पुढे तो असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू. म्हणजे कुळ-गोत्र विचारू नका. ज्ञान आहे का आणि हेतू काय, एवढंच तपासा. ही कसोटी क्लचवाल्यालाही लावता येते.

निर्मात्याला वस्तूचं साक्षात ज्ञान आहे, पण ते चाचणीच्या बाकावरचं. तुमच्या गल्लीतला चढ त्यानं पाहिलेला नाही. आणि जशी पाहिली तशी सांगण्याच्या इच्छेत विकण्याची इच्छा मिसळलेली असते. हे मिश्रण किती, ते त्याच्या भाषेवरून कळतं. म्हणूनच आम्हाला कॅलिफोर्नियाच्या एसीटी कंपनीची नाव देण्याची पद्धत बरी वाटते. त्यांची नावं कानाला रूक्ष आहेत: एचडीएसएस, एचडीजी६, एक्सटीएसएस, एचडीआर४. पण त्यांत वर्णन आहे. पहिली दोन अक्षरं प्रेशर प्लेटची: एचडी म्हणजे हेवी ड्यूटी, एक्सटी म्हणजे त्याहून जास्त दाबाची. पुढची चकतीची: एसएस म्हणजे रस्त्यावरची, स्प्रिंगवाली; जी६ म्हणजे सहा बटणांची, स्प्रिंगवाली; आर४ म्हणजे चार बटणांची, बिनस्प्रिंगची. दाब आणि घर्षण या दोन वेगळ्या गोष्टी इथे वेगळ्या ठेवल्या आहेत. नाव वाचून तुम्ही आमच्या मघाच्या गुणाकारात आकडे घालायला लागू शकता. साउथ बेंड कंपनी ‘स्टेज’ म्हणते खरी, पण त्यापुढे ‘डेली’, ‘एन्ड्युरन्स’ असे शब्द जोडते. म्हणजे ‘कशासाठी’ हा गीचचा प्रश्न निदान ऐकला गेला आहे.

वापरणाऱ्यांच्या शब्दाचं काय? त्यांना साक्षात ज्ञान असतं, पण आपल्या गाडीचं आणि आपल्या पायाचं. “रोज चालवतो, काही त्रास नाही,” असं कुणी म्हणालं तर आधी विचारावं की रोज म्हणजे मोकळ्या हमरस्त्यावर, की सिग्नल ते सिग्नल. आणि ज्यानं नुकतेच बाराशे डॉलर मोजले आहेत, त्याला आपण शहाणपणा केला असं वाटण्याची फार गरज असते. सहा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा विचारा. तेव्हा तो जास्त आप्त झालेला असतो.

एक गोष्ट आम्ही जरा आडून सांगणार होतो, सरळच सांगतो. स्टेजचा जिना खपतो, कारण घेणारा क्लच निवडताना आत्ताच्या गाडीसाठी निवडत नाही. पुढे कधीतरी मोठा टर्बो बसवणाऱ्या, शर्यतीच्या ट्रॅकवर जाणाऱ्या स्वतःसाठी निवडतो. तो माणूस बहुतेकदा येतच नाही. ऑफिसला जाणारा माणूस मात्र रोज येतो, आणि रोज संध्याकाळच्या गर्दीत त्या न आलेल्या माणसाचा क्लच दाबत बसतो. मग तो कंटाळतो आणि गाडी विकून ऑटोमॅटिक घेतो. असंही तिकडे मॅन्युअल आता थोड्यांच्याच हातात उरली आहे. फोक्सवॅगननं गोल्फ जीटीआयसुद्धा अमेरिकेत २०२५ च्या मॉडेलपासून फक्त ऑटोमॅटिक केली. ज्यांना डाव्या पायाचं हे कसब प्रिय आहे, त्यांना ते नकोसं करून टाकणारी वस्तू त्यांच्याच आवडीच्या नावानं विकली जाते, याचं आम्हाला वाईट वाटतं.

भाच्याला आम्ही तीन गोष्टी विचारायला सांगितल्या. कॅटलॉगमधला टॉर्क इंजिनाचा की चाकांवर मोजलेला? चाकांवरचा आकडा नेहमी कमी येतो, आणि दोन्ही मिसळले की हिशेब फसतो. चकतीचं लायनिंग कशाचं, आणि मध्ये स्प्रिंगा आहेत की नाहीत? आणि दाब मूळच्यापेक्षा किती टक्के जास्त? स्टेज विचारूच नकोस म्हटलं. त्यानं जास्त दाबाची प्लेट आणि ऑरगॅनिक चकती घेतली. ती एक्सेडीची निघाली, ज्यांचा कारखाना आपल्या छत्रपती संभाजीनगरमध्येही आहे, हे ऐकून त्याच्या आईला उगीचच बरं वाटलं.

प्रश्नोत्तरांत दोन प्रश्न आले, ते थोडक्यात घेतो.

एका श्रोत्यानं विचारलं आहे की दोन चकत्यांचा क्लच घेतला तर सगळेच प्रश्न सुटत नाहीत का? बरेचसे सुटतात. घर्षणाच्या बाजू दोनाच्या चार होतात, त्यामुळे दाब न वाढवताही क्षमता दुप्पट होते आणि पेडल हलकं राहतं. पण किंमत बरीच वाढते, पेडल दाबलेलं असताना मधली प्लेट खुळखुळते, आणि फ्यूजचा मुद्दा आहे तिथेच राहतो. इंजिनाचा टॉर्क खरोखर दुपटीच्या घरात गेला असेल आणि गिअरबॉक्सही त्या लायकीची असेल, तर जरूर घ्यावा.

दुसरा प्रश्न: क्लचबरोबर हलकं फ्लायव्हील घ्यावं का? हलक्या फ्लायव्हीलनं इंजिन पटकन चढतं आणि पटकन उतरतं, गिअर बदलताना मजा येते. पण उभ्या गाडीतून निघताना फ्लायव्हीलमधली साठलेली गती आपल्याला मदत करत असते. ती कमी झाली की इंजिन बंद पडायला वेळ लागत नाही. त्यात बटणांची चकती असेल तर दोन्हीकडून अडचण. काही गाड्यांत मुळात दुहेरी वजनाचं, आत स्प्रिंगा असलेलं फ्लायव्हील असतं. ते काढून एकसंध बसवलं तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडते. जुनंच फ्लायव्हील ठेवणार असाल तर ते एकसंध असल्यास लेथवर किंवा ग्राइंडरवर साफ करून घ्या, रिलीज बेअरिंग त्याच वेळी नवं टाका, आणि पहिले काही शे मैल शहरातच, थांबत-निघत, हलक्या पायानं चालवा. केवलार असेल तर हा काळ आणखी लांबवा, कारण ते आधीच तापलं तर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग कितीही दाब दिला तरी पकडत नाही.